मोकळी खुर्ची

एखाद्याला अकल्पित यश लाभले की आपण दोनच गोष्टी बोलतो. मनुष्य आवडता असेल तर म्हणतो, ‘गुणांचे चीज झाले’. नावडता असेल तर म्हणतो, ‘नशीब फळफळले’. यांतले खरे कोणते? ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची ‘इनर सिटी ब्लूज’ ही पहिली तबकडी ऐकताना हा प्रश्न मला सोडीत नाही.

हकीकत अशी. १९७१ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत हँक क्रॉफर्ड यांच्या वादनाचे मुद्रण व्हायचे होते. क्रॉफर्ड म्हणजे रे चार्ल्सच्या वाद्यवृंदात नाव काढलेले ऑल्टो सॅक्सोफोनवादक. निर्माते क्रीड टेलर. संगीताची मांडणी बॉब जेम्स यांनी केलेली. सारे जमले, पण क्रॉफर्ड येऊ शकले नाहीत. सत्तावीस वर्षांचा वॉशिंग्टन साथीच्या ताफ्यात होता. त्याचे वाद्य टेनर. फिलाडेल्फियात त्याने तबकड्यांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरी केलेली. त्याला पुढे बसवले. ऑल्टो भाड्याने आणावा लागला, असे सांगतात.

मुद्रण फंकच्या वळणाचे. फंक म्हणजे चार मात्रांतली पहिली मात्रा, जवळजवळ आपली समच म्हणा ना, ठासून धरायची आणि उरलेल्या जागांत तुटक आघातांनी ऐकणाऱ्याचे अंग हलवायचे. आयड्रिस मुहम्मदचे ड्रम आणि रॉन कार्टरचा बास तेच ते चक्र फिरवीत राहतात. एरवी जाझचा वादक सुरावटींच्या बदलत्या वळणांतून धावत असतो. इथे वाट जागच्या जागी घुमते. साहजिकच वादकाला लपायला जागा उरत नाही. कट्टर जाणकार अशा संगीताला बाजारू म्हणत आले. म्हणोत बापडे! मार्व्हिन गे यांच्या गीतातले दरिद्री वस्तीचे दुःख शब्दांवाचून नुसत्या फुंकरीने उभे करणे हे बाजाराचे काम नव्हे.

ही फुंकर नशिबाने कोणाला दिलेली नाही. स्नेहसंमेलनाच्या नाटकात नायक तापाने आडवा झाला की पडद्यामागचा एखादा पोरगा सारी भाषणे घडाघडा म्हणून दाखवतो. हेडमास्तर म्हणतात, देवासारखा धावून आला! देव कसला? पोराने तालमींत कान उघडे ठेवलेले असतात.

पण ताप आला नसता तर? कान तितकेच उघडे राहिले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. म्हणून ‘गुण कधी झाकून राहत नाहीत’ हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहीत नाही. ते यशस्वी माणसांनी मागाहून रचलेले आहे. तितकीच तयारी असलेले, पण त्या दिवशी त्या खोलीत नसलेले वादक फिलाडेल्फियात असलेच पाहिजेत. त्यांची साक्ष कोणी काढली?

मग वॉशिंग्टनने काय, संकोचाने वाजवायला हवे होते? तसे मला वाटत नाही. त्याने कोणाचे हिसकावले नव्हते. क्रॉफर्ड यांची स्वतःची तबकडी त्याच कूडू कंपनीने १९७२ मध्ये काढली आणि वॉशिंग्टनचे ‘मिस्टर मॅजिक’ १९७५ मध्ये गाजले. तरीही पहिली तबकडी लावली की पितळी वाद्यांचा ताफा मधेच थांबतो, एकट्या सॅक्सोफोनसाठी जागा सोडतो, आणि मला आठवते की ती जागा राखताना बॉब जेम्स यांच्या कानात क्रॉफर्ड यांचा सूर होता.