अभंगाचा छंद आणि श्रद्धेचा प्रश्न

बा. सी. मर्ढेकरांचे आधुनिकतावादाशी असलेले नाते बहुधा यंत्रयुगीन प्रतिमांच्या आधारे सिद्ध केले जाते. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’पासून (१९२२) ‘काही कविता’पर्यंतची (१९४७) वाट त्यामुळे आखता येते, परंतु एक नैतिक प्रश्न मागे राहतो. ज्या ओवी-अभंगांना संतांच्या श्रद्धेचे अधिष्ठान होते, ते छंद श्रद्धा डळमळलेल्या कवीने योजणे प्रामाणिकपणाचे ठरते काय?

छंद हे केवळ पात्र मानले, तर प्रश्नच उरत नाही. मात्र मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र ही पळवाट ठेवत नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत ते कलाकृतीच्या सौंदर्याचे मर्म पाहतात. अभंगाची लय कानी पडताच मराठी वाचक शरणागतीची अपेक्षा करतो. समोर येते ती महानगराची गर्दी आणि माणसाचे एकाकीपण. येथील विरोधाला विडंबन म्हणता येणार नाही. विडंबनकार परंपरेबाहेर उभा असतो. मर्ढेकर तिच्या आत राहून तिच्यातील पोकळी अनुभवतात.

श्रद्धेचा आव आणणे असत्य. ती आपल्या वारशात कधी नव्हतीच असे भासवणे, हेही असत्यच. मर्ढेकरांची आधुनिकता ही दोन्ही असत्ये नाकारते.