मृतांना माती देणे



१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला व तिच्या सहा सोबत्यांना घेऊन परतणारे कोलंबिया यान, उतरायला सुमारे १६ मिनिटे असताना, अमेरिकेत टेक्सासच्या आकाशात तुटले. घरे हादरली, आभाळात धुराच्या रेघा उमटल्या, अशी आठवण तेथील लोक सांगतात. पण ते नुसते पाहत राहिले नाहीत. हेम्पहिल या छोट्या गावातले लोक थंडीपावसात, काटेरी रानात अंतराळवीरांचे अवशेष शोधत फिरले. बायकांनी शोधपथकांना जेवू घातले. अवशेष सापडत, तेथेच प्रार्थना होई. कोणाशीही ओळख नव्हती, नाते नव्हते.

मृतांना माती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. मग आपल्या धर्मग्रामातील अनोळखी माणसाच्या अंत्यविधीला आपण जातो का? प्रभू येशू आपल्याला तशी माया देवो.