मुक्याची तहान

दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेने, गाय-वासराच्या पूजेने करतो. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्र्यांनाही आपला नमस्कार पोहोचतो. अंगणातल्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र उरलेली भाकरी आणि फुटक्या माठाच्या बुडातले पाणी येते. त्याला पूजा नको आहे. पण एक प्रश्न मला अनेक दिवस छळतो : ज्याला तक्रार करता येत नाही, त्याचे दुखणे ओळखणे ही आपली दया, की आपले कर्तव्य?

आमच्या वडवणीकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि राखणीची कुत्री. अशाच एका घरातील आजी एकदा मला म्हणाल्या, "थंडी सुटलीय, अन् ही दोन-दोन टोपली पानी पितीय; भाकरीला तोंड लावीना. हिला आतून कायतरी झालंय, बाबा." लोक म्हणत होते, धनी गेला म्हणून कुत्री झुरते आहे. आजींना ते पटेना. झुरणीने अन्न सुटेल. तहान कशी वाढेल? जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले, तर गर्भाशयात पू झाला होता. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी कुत्रीला हे दुखणे जडू शकते. बीडला शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली.

आजींना वैद्यक येत नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, ही एरवी किती पिते. मला सारे मर्म येथेच दिसते. मुक्या जिवाची भाषा म्हणजे त्याची सवय. आणि सवयच ठाऊक नसेल, तर तिच्यातला बदल कसा कळणार?

१० किलो वजनाचे कुत्रे दिवसाकाठी साधारण अर्धा लिटर पाणी पिते. उन्हात किंवा कोरड्या भाकरीवर थोडे अधिक. तेच रोज लिटरभराहून जास्त पिऊ लागले, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांची शंका घ्यावी. भरपूर खाऊनही ते वाळत असेल, तर मधुमेहाची शंका अधिकच. घास घेऊन खाली टाकत असेल, तर दात-तोंड दुखत असेल. मात्र लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, गिळता येत नाही, असे दिसले तर हाड अडकले समजून तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते, हा समज चुकीचा आहे. त्याचा घसा लुळा पडलेला असतो. आणि ओसरी ओली करते म्हणून पाणी तोडणे तर क्रूरपणाच. दुखण्याने शरीरातले पाणी वाहून जाते, म्हणून ते पिते.

या तहानेचे माणसावर ऋणही आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. ते वारंवार लघवी करू लागले. लघवीत साखर सापडली आणि मधुमेहाचे मूळ हाती लागले. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले, तेही कुत्र्यांवरील प्रयोगांतून. आज घरोघरी मधुमेही इन्शुलिनवर जगतात. त्यांच्यासाठी कुणा मुक्या जिवांनी प्राण वेचले आहेत.

कोणी म्हणेल, जिथे माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कुत्र्याची तहान कोण मोजणार? आक्षेप खोटा नाही. औषधपाण्याचा खर्च प्रत्येकाला झेपेलच असेही नाही. पण पाहण्याला पैसा लागत नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगा वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपण मुलांना सांगतो ती नाथांच्या औदार्यासाठी. मला तिच्यात आणखी काही दिसते. गाढवाने पाणी मागितले नव्हते. नाथांना ते दिसले होते. दान त्यानंतरचे.

म्हणून मी याला दया म्हणत नाही. ज्याला आपण दावणीला किंवा दाराशी बांधले, त्याने दुसरीकडे जाऊन गाऱ्हाणे सांगण्याची वाटच आपण बंद केलेली असते. तेव्हा त्याचे न सांगितलेले ऐकणे आपल्याकडेच आले.

या चार दिवसांत फटाक्यांच्या आवाजाने एखाद्या सांजेला कुत्रे जेवणार नाही. त्याची काळजी नको. पण दुसऱ्या दिवशीही भाकरी तशीच पडली असेल, पाण्याचे भांडे मात्र पुन्हापुन्हा रिकामे होत असेल, तर फराळाचे ताट जरा बाजूला ठेवावे आणि त्याच्याजवळ जाऊन बसावे.