दोघांपैकी एकच निवडायचा असेल तर...



निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सानंतर आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'तिसऱ्याला दिले तर मत फुकट जाईल.' म्हणून आपण दोघांतला कमी वाईट निवडतो. यात पाप नाही. पण तेवढ्याने आपले कर्तव्य संपते का?

महाराष्ट्रात पक्ष पुष्कळ. तरी लढत बहुधा दोन आघाड्यांतच होते. त्यांच्यातली भिंत आपण पक्की मानतो, नेते ती सहज ओलांडतात. 1999 साली काँग्रेस व राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र सत्तेत बसले. 2019 साली भाजप व शिवसेना एकत्र लढले आणि निकालानंतर वेगळे झाले.

आपल्या माहुलचेच पाहा. रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये इथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला की, माहुलला जाण्यास तयार नसलेल्या तानसा जलवाहिनीच्या प्रकल्पग्रस्तांना दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे. तक्रार, कोर्टाच्या तारखा आणि विद्याविहारला धरलेले दीर्घ धरणे, यांतून हे मिळाले. त्या वर्षांत सत्ता दोन्ही बाजूंकडे येऊन गेली; हवेचा प्रश्न मात्र उरलाच.

असे का होते? दुसऱ्याच्या भीतीने दिलेले मत कोणाला कमवावे लागत नाही. ते आपलेच, हे उमेदवार गृहीत धरतो.

मग 'नोटा'? सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने हे बटण मिळाले. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर राहिला. सदसद्विवेकबुद्धीला ती एक वाट आहे. पण विधानसभेत 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मतदानाला हक्क आणि कर्तव्य, दोन्ही म्हटले आहे, आणि तेही सर्वांच्या हितासाठी. तेव्हा आपण मतदान जरूर करू या. पण मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही बाजूचा असो, एकच प्रश्न विचारू या : आमच्या हवेचे काय करणार? उत्तर लिहून ठेवू या. निवडून आल्यावर दरवर्षी तोच कागद घेऊन त्याच्या दारी जाऊ या. आपले शेजारी तोपर्यंत इथेच श्वास घेत असतील.