प्रारब्धाचा वाटा किती?

कामावर पाठ जायबंदी झालेल्या माणसाला ऑपरेशनची तारीख मिळाली की घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कोणी अंगारा आणतो, कोणी ओळखीतल्या कुणाचे ऑपरेशन फसल्याचे सांगतो, आणि उठता उठता बहुतेक जण एकच वाक्य बोलून जातात : भोग आहेत, भोगूनच संपवायचे. हे वाक्य आपुलकीने बोलले जाते, म्हणून त्याच्यावर कोणी वाद घालत नाही. पण त्याच्या पोटात एक फार मोठा सिद्धान्त आहे. ज्या माणसाने आठ तास पोती वाहिली, ज्याच्या अंगावर क्रेनची साखळी घसरली, जो ओल्या जिन्यावरून लोखंडासकट पडला, त्याच्या दुखण्याचे कारण त्या पोत्यात, साखळीत किंवा जिन्यात नसून त्याच्याच मागच्या जन्मात आहे, असा तो सिद्धान्त. माझे म्हणणे असे की हा सिद्धान्त चूक आहे. शिवाय तो आपल्या परंपरेचा म्हणून सांगितला जात असला, तरी त्या परंपरेतल्या सर्वांत विचारी माणसांनी तो मानलेला नाही. त्यांनी दैवाला जागा दिली, पण ती मोजून दिली. ती किती, हे ठरवणे ऑपरेशनला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाला इतर कोणापेक्षाही अधिक गरजेचे आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिच्या आत मऊ, पाणीदार गर असतो आणि भोवती तंतूंची घट्ट कडी. प्रौढ माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. वरच्या-खालच्या हाडांतून जे झिरपेल त्यावर ती जगते, त्यामुळे एकदा फाटली की तिची डागडुजी फार हळू होते. कंबरेत वाकून, त्याच वेळी अंग पिळवटून वजन उचलले की सर्वाधिक ताण येतो तो कंबरेच्या खालच्या दोन गाद्यांवर. ‘मणक्यात गॅप आला’ असे लोक म्हणतात ते बहुतेकदा यांच्याविषयी. औषधे, व्यायाम, इंजेक्शने यांनी भागले नाही, तर काही निवडक रुग्णांना गादी काढून तिथे कृत्रिम गादी बसवण्याचा सल्ला मिळतो. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कारीन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनाक यांनी अशी गादी घडवली, ती 1984 साली पहिल्यांदा माणसाच्या पाठीत बसली. यातल्या कारीनबाई 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके मिळवलेल्या. कणा किती वाकू शकतो हे त्यांनी स्वतःच्या अंगाने जाणले होते. कंबरेची कृत्रिम गादी पाठीतून नव्हे, पोटातून बसवतात. बेंबीच्या खाली छेद घेऊन आतडी आणि मोठ्या रक्तवाहिन्या हळूच बाजूला सारायच्या, फाटलेली गादी तुकड्यातुकड्याने काढायची, हाडांचे पृष्ठभाग खरवडून साफ करायचे आणि एक्स-रेच्या पडद्यावर नजर ठेवून धातूच्या दोन तबकड्या ठोकून बसवायच्या. त्या तबकड्यांच्या खरखरीत पाठीवर पुढे हाड वाढते आणि मधल्या प्लास्टिकच्या भागावर कणा पुन्हा हलू लागतो.

अशा ऑपरेशनची तयारी पाहिली की गीतेच्या अठराव्या अध्यायातली कर्माच्या पाच कारणांची मांडणी आठवल्याशिवाय राहत नाही. कोणतेही काम घडते ते अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव या पाचांच्या मेळाने, असे तिथे म्हटले आहे. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर काम उभे राहते ते. इथे रुग्णाची हाडे. ती ठिसूळ असतील तर तबकडी आत रुतते, म्हणून हाडांची घनता आधी मोजतात. मणक्यांचे मागचे छोटे सांधे झिजले असतील किंवा मणका पुढे सरकला असेल, तर हे ऑपरेशन करूच नये असा नियम आहे. कर्ता म्हणजे केवळ सर्जन नव्हे. संमतिपत्रावर सही करणारा, मोठी रक्तवाहिनी फाटण्याचा, मज्जातंतूला इजा होण्याचा, पुरुषांच्या बाबतीत वीर्यस्खलनात दोष राहण्याचा धोका वाचून ‘तरीही करा’ म्हणणारा रुग्णही कर्ता आहे. करण म्हणजे साधने : धातू, प्लास्टिक, हत्यारे, भूल, सर्जनचे सरावलेले हात. चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे प्रयत्न, आणि रुग्णाच्या वाट्याचा मोठा भाग इथेच येतो. तंबाखू सोडणे त्यात पहिले. विडी-सिगारेटच नव्हे, मिश्री आणि गायछापही. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, जखम भरण्याचे आणि हाड वाढण्याचे काम मंदावते. मग साखर आटोक्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगणे, कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठायला शिकणे, जमेल तेवढे चालणे. या चारांनंतर, पाचवे दैव. गीतेने दैव नाकारले नाही. पण ते पाचांत एक आहे, आणि आधीचे चार पुरे केल्याशिवाय त्याचे नाव घेण्याचा हक्क कोणाला पोचत नाही, असाच या मांडणीचा अर्थ मला दिसतो.

बौद्ध परंपरेने तर हा प्रश्न अगदी सरळ विचारला आहे. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो : माणूस जे सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? बुद्ध उत्तरादाखल कारणे मोजतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड किंवा आडवेतिडवे वागवणे, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. जे सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडतात ते स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाने खरे मानलेल्या गोष्टींच्याही, असा त्यांचा निर्वाळा आहे. या यादीतले सहावे आणि सातवे कारण वाचताना कामगाराची पाठ डोळ्यांसमोर येते. वजन चुकीच्या तऱ्हेने उचलावे लागणे आणि अंगावर वस्तू येऊन आदळणे, ही दोन्ही कारणे बुद्धांनी कर्मविपाकापासून वेगळी काढून ठेवली आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायातला युक्तिवाद मला याहूनही मोलाचा वाटतो. आयुष्य ठरलेले असते की नाही, असे शिष्य अग्निवेश विचारतो. गुरू आत्रेय म्हणतात, सगळ्यांचेच आयुष्य ठरलेले असते तर औषधांची, काळजीची, पिसाळलेल्या जनावरापासून दूर पळण्याचीही गरज उरली नसती. मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर आपला काळ पुरा करून झिजतो. तोच आस अति भाराने, खडबडीत वाटेने, बैलाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, वंगण न घातल्याने अकाली मोडतो. या दाखल्यात आसाचे लाकूड एकट्यालाच जबाबदार धरलेले नाही. भार घालणारा आहे, वाट आहे, गाडीवान आहे, वंगणाची हयगय आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या या वैद्यकग्रंथाला मोडलेल्या आसामागे माणसे दिसतात. आपल्याला मोडलेल्या पाठीमागे फक्त नशीब दिसावे, हे मला पटत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो देवभोळ्यांकडून नव्हे, विज्ञानाकडून येतो. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या पाठींचा 1990 च्या दशकात बारकाईने अभ्यास झाला. एक भाऊ आयुष्यभर जड काम करणारा, दुसरा बैठे काम करणारा, अशा जोड्या तपासल्या; तरी दोघांच्या गाद्यांची झीज बरीचशी सारखी निघाली. झिजेत वारशाचा वाटा मोठा आणि कामाच्या भाराचा त्या मानाने लहान, असा निष्कर्ष आला. मग हे जन्मजात प्रारब्धच नव्हे काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही. पण त्याला दोन उत्तरे आहेत. झीज आणि इजा या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या गाद्या सर्रास आढळतात. विशीतल्या निरोगी माणसांत सुमारे 37 टक्के आणि ऐंशीच्या घरात जवळजवळ सगळ्यांत. म्हणजे झिजलेली गादी घेऊन माणूस सुखाने काम करू शकतो, आणि एका दिवशी एका उचलीत आडवा होतो. ती उचल वारशाने आलेली नसते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. कोणाची गादी लवकर फाटेल हे वारसा सांगत असेल. फाटल्यावर खर्च कोणी सोसायचा हे तो सांगत नाही. लाकूड कच्चे आहे म्हणून जादा भार लादणाऱ्याची सुटका होत नाही, उलट त्याची जबाबदारी वाढते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायच्या वजनाची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली, आणि आपल्याकडचे हमाल 50 किलोंच्या पोत्याची मागणी करत आले, ते याच न्यायाने.

जबाबदारीच्या या प्रश्नात प्रारब्धवादाचे एक इहलोकी भावंडही आहे. एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली न्यायालये म्हणत, कामगाराने धोका माहीत असून काम पत्करले, तेव्हा तो त्याने स्वतःच ओढवून घेतला. मागचा जन्म नाही, पण निकाल तोच : ज्याला लागले, दोष त्याचाच. 1897 साली तिथे आणि 1923 साली भारतात नुकसानभरपाईचा कायदा आला आणि त्याने प्रश्नच बदलला. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा, असे तो कामगाराला म्हणत नाही. इजा नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली का, एवढेच विचारतो. काही अपवाद आहेत, पण तत्त्व हे की ज्याच्या धंद्यासाठी अंग झिजले त्याने झीज भरून द्यावी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमके याच जागी बोट ठेवले : गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, यापलीकडे त्याचा हेतू त्यांना दिसला नाही. ज्या माणसाने मजूरमंत्री म्हणून कामगारांची दुखणी कागदोपत्री पाहिली होती, त्याचे हे मत केवळ पंडिताचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप हळवा आहे, आणि म्हणून अधिक अवघड. प्रारब्ध मानले की मन शांत होते. दोष कोणाचा हे उगाळत बसले की दुखणे वाढते. याला पुरावाही आहे. भरपाईचा दावा चालू असलेल्या रुग्णांना ऑपरेशनचा गुण इतरांपेक्षा कमी येतो, असे 2005 साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले. मग राग सोडून स्वीकारच करावा हे बरे नाही का? स्वीकार हवा, हे मला मान्य आहे. पण कशाचा? जे घडून गेले आणि परत फिरवता येत नाही त्याचा. गादी फाटली, हे स्वीकारायचे. मालकाने पैसे द्यायला नकार दिला, हे स्वीकारायचे नाही, कारण ते अजून घडते आहे आणि बदलता येते. शिवाय त्या आकडेवारीचा दुसराही अर्थ निघतो : वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवत, आपले दुखणे खरे आहे हे अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागणे, हाच रोग्याला खंगवणारा भाग असू शकतो. तसे असेल तर उपाय दावा सोडण्यात नाही, तो लवकर निकाली काढण्यात आहे. आणि समजा प्रारब्ध या कल्पनेने एखाद्याला खरोखर धीर मिळतो. तर तो तिचा उच्चार स्वतःसाठी करील, तो त्याचा हक्क. तोच शब्द दुसऱ्याने त्याला ऐकवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे धीर संपतो आणि निवाडा सुरू होतो.

मग दैव उरते कुठे? उरते, आणि प्रामाणिकपणे उरते. नॉर्वेतल्या 173 रुग्णांपैकी काहींना कृत्रिम गादी आणि काहींना व्यायाम-समुपदेशनाचा भरगच्च कार्यक्रम असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले गेले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही गट सुधारले. ऑपरेशनवाल्यांना अधिक गुण आला, पण तो फरक रुग्णाच्या जगण्यात निश्चित जाणवेल एवढा आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. म्हणजे उत्तम हाडे, उत्तम सर्जन, सोडलेली तंबाखू, रोजचे चालणे, इतके सगळे जुळूनही कोणाची पाठ मोकळी होईल आणि कोणाची दुखतच राहील, हे आधी सांगता येत नाही. हा जो न मोजता येणारा भाग, त्याला दैव म्हणावे, ईश्वरेच्छा म्हणावे, कोणी योगायोग म्हणेल. त्याच्यापुढे हात जोडण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. आदल्या रात्री देवाचे नाव घेणाऱ्याने जरूर घ्यावे. मात्र तो भाग शेवटी येतो. मागच्या अपघातावर त्याची चादर टाकता येत नाही आणि पुढच्या कष्टांतून तो सूटही देत नाही.

म्हणून अशा घरी भेटायला जाणाऱ्यांना विनंती आहे. ‘भोग आहेत’ म्हणू नका. अपघाताची नोंद मालकाकडे लेखी झाली का ते विचारा. झाली नसेल तर आजच करायला बसा आणि सही करणाऱ्या साक्षीदारांना गाठा. ऑपरेशन खरेच लागते का, याविषयी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले का ते विचारा, नसेल तर सोबत जा. त्याच्या खिशातली पुडी मागून घ्या. आणि तो घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ चालायला कोण बरोबर जाणार, याची पाळी ठरवूनच उठा.