दोन दिवसांचे पाहुणे

प्रवासाचा खरा आनंद प्रवासात नसतो, तो प्रवासाच्या बेतात असतो. प्रवासात पाय दुखतात, पैसे जातात आणि आपण ज्या दिवशी पोचतो नेमकी त्याच दिवशी ती सुप्रसिद्ध इमारत डागडुजीसाठी बांबूंच्या आड गेलेली असते. बेतात यातलं काही होत नाही. बेतात रांग नसते, ऊन नसतं आणि बायको थकत नाही. आम्ही आजवर काश्मीर दोनदा, केरळ तीनदा आणि काशी एकदा पाहिली, ती सगळी जेवणाच्या टेबलावर.

व्हेनिसचंही तसंच व्हायचं. पण मुलगी जर्मनीत असते. तिनं कळवलं, ‘एवढे येताच आहात, तर दोन दिवस व्हेनिसला जाऊन या. मामा-मामीलाही आणा.’ हा मामा, म्हणजे आमचे मेहुणे, साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दोन दिवसांच्या व्हेनिसचं जे वेळापत्रक सांगलीला आणलं, त्यात आठ तास होते, मधली सुट्टी होती, फक्त घंटा तेवढी नव्हती. पहिला तास सेंट मार्कचा चौक. दुसरा तास डोजचा राजवाडा. तिसरा तास १५९१ साली पुरा झालेला रिआल्टोचा पूल. अशी एकूण चौदा ठिकाणं. होडीतून फेरी ‘ऐच्छिक’ या सदरात होती, कारण तिचा भाव त्यांना कळला होता.

“दाजी, एकशेअठरा बेटं, चारशेच्या वर पूल,” ते म्हणाले, “आणि रस्त्यांऐवजी सगळे कालवे! गाडी नाही, रिक्षा नाही, सगळीकडे पाणीच पाणी. आहे की नाही गंमत?”

मी सांगलीचा माणूस. गावभागात राहणारा. ‘रस्त्यांऐवजी पाणी’ यात गंमत नेमकी कुठे, हे मला चटकन उमगेना.

इथे सातारा-सांगलीचं नातं सांगितलं पाहिजे. साताऱ्याहून मला दोन गोष्टी मिळाल्या : एक बायको आणि दुसरं पाणी. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयनाही तिथलीच. दोघी माहेरात धुमाकूळ घालून कराडला भेटतात आणि हातात हात घालून आमच्याकडे येतात. आमच्या उंबऱ्याशी, हरिपुरात, वारणाही येऊन मिळते. सातारा बसलाय अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, कोरडा. पावसाळ्यात मेहुण्यांचा फोन येतो, “कोयनेतून सोडलंय हं!” त्या स्वरात काळजी असते, पण पाठवणी करणाऱ्याचा सुटकेचा निःश्वासही असतो. मग ऑगस्टमध्ये सांगलीत कोणी कोणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. १९२९ सालचा हा आमचा पूल; त्याच्यापाशी पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं की धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांवर गेलं. हरभट रोडवर होड्या चालल्या. गाडी नाही, रिक्षा नाही, सगळीकडे पाणीच पाणी.

त्या दिवसांत आम्ही माडीवर होतो. खालच्या घरात पाणी, वर आम्ही, गॅसची शेगडी आणि शेजारची दोन कुटुंबं. एक होडी दूध आणि बिस्किटं घेऊन आली. तिच्यात वाटणाऱ्यांबरोबर एक तरुण होता. मी बनियनवर, हातात चहाचं पातेलं. त्यानं मोबाइल वर धरला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, “काका, जरा इकडे बघा.” मी बघितलं. सवयीनं हसलोही. कुठल्या तरी परक्या माणसाच्या मोबाइलमध्ये मी आजही हसत असेन.

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. पुरातून बाहेर पडू पाहणारी माणसं बुडाली. आणि तरीही पाण्याच्या कडेला, लांबून गाड्या घेऊन, ‘पाणी बघायला’ आलेली गर्दी होतीच. वाईट माणसं नव्हती ती. त्यातल्या कित्येकांनी जाताना भाकरीची गाठोडी दिली. पण आधी त्यांनी पाणी बघितलं, मग पाण्यात माणसं आहेत हे बघितलं. एवढाच क्रम चुकला होता.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबरला, व्हेनिसमध्ये समुद्राची भरती १८७ सेंटिमीटरवर चढली. १९६६नंतरची ती सर्वांत मोठी. टीव्हीवर दुकानदार बादल्यांनी पाणी उपसत होते आणि चौकात गुडघाभर पाण्यात उभे राहून पर्यटक हसत फोटो काढून घेत होते. आमची बायको तेव्हा भिंतीच्या पोपड्यांवरून हात फिरवत होती. टीव्हीकडे बघून एवढंच म्हणाली, “गाळ आत गेला असेल हो त्यांच्या.” फोटोकडे तिचं लक्षच नव्हतं.

तर प्रश्न असा, की दुसऱ्याचं गाव आपण ‘बघायला’ जावं का? आणि तेही दोन दिवसांत, चौदा ठिकाणं?

मेहुण्यांना असले प्रश्न आवडत नाहीत. ते म्हणाले, “मग काय घरी बसायचं? आपण गेलो नाही, तर तिथला होडीवाला खाणार काय?” मुद्दा बिनतोड होता. पण व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या घरात माणसं राहत, ती २०२२ साली पन्नास हजारांच्याही खाली आली. बघणारे वाढले, राहणारे घटले. २०२४ पासून तर ठरावीक दिवशी, मुक्काम न करता नुसतं दिवसापुरतं गावात शिरणाऱ्याकडून निदान पाच युरो घेतात. मेहुणे खवळले. “गावात शिरायला तिकीट! आपल्याकडे मालाला जकात होती, यांनी माणसालाच लावली!”

“दादा,” बायको शांतपणे म्हणाली, “कासला पण घेतातच की पैसे. आणि तूच म्हणत होतास, दुप्पट घ्या म्हणून.”

मेहुणे गप्प झाले. कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हापासून फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या साताऱ्यातून वर चढू लागल्या, की हा गृहस्थ गच्चीत उभा राहून त्यांना सातारी भाषेत आशीर्वाद देतो. फुलं तुडवतात, फुलात बसून फोटो काढतात, प्लॅस्टिक टाकतात! कासच्या गर्दीवर चिडणारा आणि व्हेनिसची चौदा ठिकाणं लिहून काढणारा माणूस एकच असतो. आपलं गाव ते घर आणि दुसऱ्याचं गाव ते प्रेक्षणीय स्थळ, अशी आपल्या सगळ्यांचीच वाटणी असते.

मला वाटतं, जावं. जरूर जावं. पण मराठीत पाहणारा आणि पाहुणा असे दोन शब्द आहेत, ते ऐकायला जवळचे असले तरी एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पाहणारा दारातून घर बघतो. पाहुणा चपला काढतो. पाहणारा यजमानाला म्हणतो, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. पाहुणा आधी विचारतो, घरची मंडळी बरी आहेत ना? पाहुणा मुक्काम करतो, दोन घास तिथले खातो, आणि निघताना घर होतं त्यापेक्षा घाण करून जात नाही. व्हेनिसचा तो कायदाही मुक्काम करणाऱ्याकडून हे पाच युरो घेत नाही, म्हणजे पाहुणा कोणाला म्हणायचं हे त्या गावानं आपल्या परीनं ठरवलेलं दिसतं.

वेळापत्रकात मग बरीच खाडाखोड झाली. चौदाची चार ठिकाणं उरली. एक अख्खी दुपार ‘काही नाही’ या विषयाला देण्यात आली. मुख्याध्यापकांनी त्यापुढे कंसात ‘ऑफ तास’ असं लिहिलं. बायकोनं फक्त एकच कलम घातलं : तिथल्या एखाद्या दुकानातल्या बाईला विचारायचं, तुमच्याकडे किती आलं होतं?

“भाषेचं काय?” मेहुण्यांनी शंका काढली.

भाषेचं काही अडत नाही. पाणी आपल्या घरात कुठवर आलं होतं हे सांगताना, व्हेनिसची असो की गावभागातली, बाई आधी हात कमरेशी नेते, मग छातीशी, आणि मग भिंतीकडे बघते. भिंतीवरची ती रेघ कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात दिलेली नसते. ज्याला ती दाखवावीशी वाटली, तो दोन दिवसांसाठी आला असला तरी त्यानं ते गाव पाहिलं म्हणायला हरकत नाही.