विचारणे म्हणजे निंदा नव्हे

माउली, समजा बोईसरच्या चाळीत शेजारच्या आजींच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. सून म्हणते, मोरीत पडल्या. चार दिवस आजी हरिपाठालाही नाहीत. आईबापांच्या सेवेसाठी पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले, हे ऐकून डोलणारे आपण इथे परनिंदा नको म्हणून गप्प बसतो. पण निंदा म्हणजे पाठीमागे तिसऱ्याला सांगणे. आजींना एकट्या गाठून "जेवलात का? कोणी हात उगारतं का?" असे विचारणे, ही निंदा कशी?

संशय खोटाही असेल. म्हातारी कातडी सहज काळवंडते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी तर अधिकच. आणि तारापूरच्या कारखान्यात पाळी करून आलेली सूनही थकलेली असते. म्हणून आरोपाआधी जाणे-येणे वाढवा. मुलासमोर मात्र विचारू नका. आजी नाहीच म्हणतील.

खरे निघाले, तर त्यांच्या संमतीने १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. मारहाण चालूच असेल, तर थेट ११२. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो; सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट मोडल्यास, परत मागता येते.

आजी कदाचित म्हणतील, "पोराला तुरुंग नको." ते ऐकून घ्या. त्यांना घर हवे, पोरगाही हवा, फक्त मार नको.